भरदिवसा लावलेलं दार

आमच्या भाऊबंदांत माणूस किती शिकलेला, हे त्याच्या भिंतीवरून ठरतं. या हिशोबाने माझा पुतण्या भूपेंद्र सगळ्यात विद्वान. धुळ्यात त्याचा कॉम्प्युटर क्लास आहे आणि क्लासाची एक भिंत नुसती फ्रेम केलेल्या सर्टिफिकेटांनी भरलेली आहे. परीक्षेचे प्रश्न कुठून तरी आधीच मिळवायचे, उत्तरं घोकायची, जाऊन ओकायची आणि येताना फ्रेमवाल्याकडे थांबायचं. एकदा त्याच्याच क्लासातले कॉम्प्युटर व्हायरसने बसले. या विद्वानाने ते बंद केले, चालू केले, पुन्हा बंद केले आणि दुकानदाराला फोन लावला. तरी भाऊबंदांत कुणाचं पोरगं दहावी झालं की सल्ल्याला भूपेंद्रच. आंधळ्यांच्या गावात दुकान चष्म्याचं असलं तरी चालतं.

मला सांगायचं आहे ते माझ्या सुनेचं, नूतनचं. पण भूपेंद्र आधी सांगितल्याशिवाय ती कळायची नाही.

नूतन पहूरची, कपाशीवाल्यांच्या घरची. बी.कॉम. झाली, माझ्या नीलेशशी लग्न झालं आणि जळगावात एका पतसंस्थेत कॉम्प्युटरवर बसू लागली. मी त्यांच्याकडेच, जळगावातल्या पिंप्राळ्याला राहतो. त्या पतसंस्थेचा मॅनेजर म्हणजे देवमाणूस. स्वतःचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवायचा. नूतन म्हणाली, "साहेब, हे सगळ्यांना दिसतं." तो म्हणाला, "सगळे आपलेच आहेत, मॅडम."

आमच्या खेड्यात उखर्डू होता, तो अस्साच. गोदामाला नारळाएवढं कुलूप लावायचा आणि चावी चौकटीवर ठेवायचा. म्हणायचा, बठ्ठा गावाले माहीत शे चावी कुठं शे, मग चोरी करील कोन? गोदाम रिकामं झालं तेव्हा त्याने कुलूपवाल्याला शिव्या घातल्या.

पतसंस्थेतही तेच झालं. मॅनेजरच्या पासवर्डने कुणीतरी एका सभासदाचं खातं उपसलं आणि संशय आला कुणावर? जिने चिठ्ठीबद्दल तोंड उघडलं तिच्यावर. दोन महिने तिच्याकडे सगळे चोरासारखं बघत होते. चोर सापडला, तो मॅनेजरचाच भाचा निघाला. माफी मागायची पद्धत त्या संस्थेत नव्हती, फक्त वार्षिक सभेत नाश्ता द्यायची होती.

त्या वर्षी नूतनने ऑनलाइन डिग्रीला नाव घातलं. विषय माहितीची सुरक्षा. लोकांचं खातं, नाव, कागद चोराच्या हाती कसे लागतात आणि कसे लागू द्यायचे नाहीत, याची विद्या. वर्ग नाही, बाक नाही. पहाटे नळाला पाणी यायच्या आधी ती लॅपटॉप उघडून बसायची. मी सातवी पास. आमच्या गुरुजींनी आम्हाला मोठ्याने वाचायला शिकवलं. तीही खेड्यातल्या शाळेतली, म्हणून तीही ओठ हलवत वाचायची. तो पुटपुटणारा आवाज ऐकत चहा प्यायला मला फार बरं वाटायचं. घरात कुणी शिकतंय, याची चवच निराळी.

भाऊबंद मात्र हसत. "मोबाइलवरची डिग्री" म्हणत. यांच्यातल्या निम्म्यांना मोबाइलवर आलेला गुड मॉर्निंगचा गुलाब पुढे ढकलण्यापलीकडे काही येत नाही.

या डिग्रीची तऱ्हा अशी की काही विषयांचा पेपर कॉलेज घेतच नाही. बाहेरच्या मोठ्या संस्थेची परीक्षा द्या, सर्टिफिकेट आणा, विषय सुटला. ती परीक्षा घरी बसून, पण कॅमेऱ्यासमोर. कुठल्या तरी देशात बसलेला माणूस तुमच्यावर डोळा ठेवणार. खोलीत दुसरं कुणी नको आणि दुसऱ्याचा आवाज नको. आला की पेपर बंद.

आता पिंप्राळ्यात हे कसं जमायचं? पहिल्या खेपेला अर्ध्या पेपरात शेजारची भिकुबाई शेवभाजीची वाटी घेऊन मागच्या दाराने थेट खोलीत. "नूतन, मीठ बघ गं." त्या परदेशी माणसाला मिठाशी काय कर्तव्य? त्याने पेपर बंद केला.

हे भूपेंद्रला कळलं तसा तो धुळ्याहून आला. सोफ्यावर पसरून म्हणाला, "वहिनी, उगाच डोकं फोडताय. प्रश्न मिळतात. मी देतो. पाठ करा अन् बसा."

"पाठ केले तर कुलूप उघडतं कसं, ते मला कधी कळणार, भाऊजी?"

"कळून करायचं काय? सर्टिफिकेट दाखवायचं असतं."

"तुम्ही दाखवा. माझ्याकडे भिंत नाही."

तो चहा अर्धा टाकून गेला. असा अर्धा कप मी कधी इतक्या आनंदाने धुतला नाही.

दुसरी खेप शेवटची होती. हा पेपर गेला तर सत्र गेलं, आणि सत्र गेलं तर डिग्री तिथेच. पुढच्या वर्षाला उभी राहायची ताकद आता नाही, असं ती नीलेशला म्हणालेली मी ऐकलं होतं. म्हणून रविवारी नीलेश पोरांना घेऊन पहूरला गेला, भिकुबाईला आदल्या दिवशीच समजावलं, मागच्या दाराला कुलूप घातलं आणि पुढचं दार आतून लावून घेतलं. ओट्यावर खुर्ची टाकून पहाऱ्याला मी.

दुपारी गाडी थांबली. माझी धाकटी बहीण भागाबाई, भडगावची, नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. सोबत तिचा मुलगा प्रेमराज. आमच्याकडे दिवसा दार लावत नाहीत. दार लावलं म्हणजे घरात मयत तरी झालंय किंवा भांडण तरी. भागाबाईने दार पाहिलं, खुर्ची पाहिली, मला पाहिलं.

"भाऊ, हाई काय? दार लायेल, आनि तू बाहेर बठेल?"

मी तोंडावर बोट ठेवलं. हळूच सांगितलं, "नूतननी परीक्षा शे. हळू बोल."

"दोन पोऱ्यासनी माय, आनि परीक्षा?" तिचे डोळे भरले. "माले खोटं सांगस, भाऊ? सूननी काढी दिन्हं ना तुले?"

आणि तिने गळा काढला. भागाबाईचा गळा म्हणजे गिरणेच्या एका काठाला रडली तर दुसऱ्या काठाची गुरं उठून उभी राहतात. कॉलनीतली दारं उघडली, बायका बाहेर आल्या. कुणी म्हणालं, मला वाटलंच होतं. कालपर्यंत हिच्याकडून साखर नेणाऱ्या बाईला हे कधी वाटलं होतं, देव जाणे.

मी दोनदा खरं सांगितलं. खऱ्याला गिऱ्हाईक नव्हतं. आत नूतनच्या बोटांचा आवाज थांबला होता. पुढची हाक भागाबाईने दारावरच मारली असती. मग मी मान खाली घातली.

"खरं शे, बाई. काढी दिन्हं. सकायपाइन चहा बी नही भेटना. आठे तमाशा नको. चाल, तुन्हा घर जाऊ."

एवढं ऐकताच ती अशी चूप झाली, जशी हवी ती बातमी मिळालेली माणसं होतात. प्रेमराजने मला हाताला धरून गाडीत बसवलं. कॉलनी हळहळली आणि पांगली. ओटा शांत झाला.

भडगावला माझी बडदास्त काय सांगू. खापरावरचे मांडे, तूप, आमरस. संध्याकाळपर्यंत भाऊबंद गोळा झाले. बातमी मोबाइलवरून धावली होती, एकानेही नीलेशला फोन करून विचारलं नव्हतं. भूपेंद्र धुळ्याहून धावत आला आणि माझ्या बाजूला बसून व्याख्यान देऊ लागला, की ऑनलाइन शिक्षणाने बाईमाणसाचे संस्कार कसे जातात. घरच्या सुनेने आपले प्रश्न घेतले नाहीत, हे दुःख त्याने त्यात कुठेच येऊ दिलं नाही.

मी अंगणात जाऊन फोन लावला. नूतन म्हणाली, "आबा, पास झाले. ओठ हलतात म्हणून त्याने एकदा दटावलं. बाहेर कुणी रडलं तेव्हा पेपर बंदच करणार होता, तेवढ्यात आवाज थांबला. तुम्ही आहात कुठे?"

मी सांगितलं.

"म्हणजे माझं नाव घालवलंत."

"पेपर वाचवला."

"उद्या न्यायला येते," म्हणाली. आवाजावरून राग कळेना आणि हसू कळेना.

आत येऊन मी सगळ्यांना खरं सांगितलं. परीक्षा होती, ती पास झाली, मी मुद्दाम खोटं बोललो. भागाबाईने पदर डोळ्याला लावला. "देखा, अजून सूनले सांभाळस. केवढं मोठं मन!" मी जेवढी नूतनची बाजू घेतली, तेवढी ती वाईट ठरत गेली. शेवटी मी मांडे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी नूतन आणि नीलेश आले. अंगणात बायका ओळीने उभ्या, सिनेमाला आल्यासारख्या. नीलेश काही बोलायला गेला तर नूतनने त्याला हाताने थांबवलं. ती भागाबाईच्या पाया पडली.

"आत्याबाई, चुकलं. पण पुढचा पेपर दिवाळीनंतर आहे. तेव्हा आबांना आदल्या दिवशीच न्याल का? तुमच्याकडे त्यांना बरं वाटतं."

भागाबाईने बोटांवर दिवाळीपर्यंतचे महिने मोजले. मग म्हणाली, "येसु. पन सांगी ठेवजो, म्हनजे मांडा करता येतीन."

असे आणखी दोन पेपर झाले, दोन्हींना भागाबाईची गाडी वेळेवर आली. या वैशाखात नूतनची डिग्री पूर्ण झाली. पतसंस्था सोडून ती आता पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करते, चोर कुठून शिरू शकेल ते आधी शोधून देते. भाऊबंदांत एकालाही ती काय शिकली ते सांगता येणार नाही. भूपेंद्र मात्र धुळ्यात अजून सांगत फिरतो, की तिने सासऱ्याला तीनदा घराबाहेर काढलं. तीनदा, हे त्याचं बरोबर आहे. न घोकता बरोबर आलेलं त्याचं हे पहिलंच उत्तर.