बत्तीस माणसांच्या गावाचा जन्मदाखला

एडिनबराहून बसने तासाभरावर किल्ब्रे नावाचं खेडं आहे. उल्काताई सबनीस रिटायर झाल्यावर तिथे राहायला गेल्या. मूळच्या नागपूरच्या, तीस वर्षं हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. गावच्या हिस्टरी क्लबात त्या पहिल्यांदा गेल्या ते तिथला हीटर चांगला म्हणून, हे त्या स्वतःच सांगतात. सदुसष्टाव्या वर्षी त्या तिथल्या सगळ्यात तरुण मेंबर ठरल्या.

मग क्लबाला कॅनडाहून ईमेल आली. तिकडच्या सपाट गवताळ मुलखात, प्रेअरीवर, न्यू किल्ब्रे नावाचं गाव होतं, वस्ती बत्तीस. कुणा रेल्वेच्या साहेबाने नकाशावर बोट ठेवून नाव दिलं, एवढंच त्यांना ठाऊक. गावाला एकशे वीस वर्षं होत होती. तुमचा-आमचा काही संबंध आहे का, असं तिथल्या सरपंचबाईंनी, डोनाने, विचारलं होतं.

उत्तर शोधायला क्लबाने चर्चच्या जुन्या वह्या काढल्या, पण त्यांतलं अक्षर कुणालाच लागेना.

"मी आयुष्यभर सर्जन लोकांचं अक्षर वाचलंय," उल्काताई म्हणाल्या आणि वह्या घरी घेऊन आल्या. जेवणाचं टेबल वह्यांनी भरलं. त्यांचे यजमान शशिधरराव तेव्हापासून ओट्याशी उभ्यानेच जेवू लागले.

तिसऱ्या आठवड्यात १९०५ सालची एक नोंद सापडली. लिहिणारा पाद्री चांगलाच चिडलेला होता. जमीनदाराच्या वळूने इझोबेल नावाच्या बाईचे कोबीचे वाफे तुडवले होते, आणि तिने भर चर्चमध्ये उभं राहून जमीनदाराला सुनावलं होतं. माफी मागायचं नाकारून ती सहा कुटुंबांना घेऊन थेट कॅनडाला गेली. पानांमध्ये तिचं पत्रही होतं: 'घर अजून एकही नाही, पण पाटी लावली आहे. नाव आपल्याच गावाचं. इथे जमीनदार नाही.'

"अहो, त्यांचं गाव कोबीवरून झालंय," उल्काताईंनी जाहीर केलं. शशिधररावांच्या हातातलं ताट हलायला लागलं. दोघं हसत सुटले, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

व्हिडिओ कॉलवर गावातली बत्तीसच्या बत्तीस माणसं हॉलमध्ये जमली. उल्काताईंनी पत्र आणि वहीतली त्या सहा कुटुंबांची आडनावं वाचली. मागच्या रांगेतला एक म्हातारा उठला, त्या सहातलं एक आडनाव आपलं आहे म्हणाला, आणि बायकोचा हात धरून नाचायलाच लागला.

जूनमध्ये त्यांच्यातले सतरा जण किल्ब्रेला आले. आज तिकडे गाव सांभाळायला पंधराच उरलेत, असं डोनाने मिनीबसमधून उतरता उतरता सांगितलं. नव्या पाटीचा फोटो तिने सगळ्यांना दाखवला. तिच्यावर इझोबेलचं नाव मोठ्या अक्षरांत होतं.

दुपारी हॉलमध्ये बॅगपाइप वाजला, शशिधररावांनी तळलेले दीडशे साबुदाणावडे संपले, आणि स्कॉटिश नाच सुरू झाला. त्यातल्या स्टेप्स उल्काताईंना जमेनात. त्यांनी सरळ डोनाचे दोन्ही हात धरले आणि फुगडी घातली. हॉल गरगरला, डोनाचा चष्मा उडाला, तरी ती सोडेना. मग ऐंशीच्या घरातल्या दोघी बायका रांगेत येऊन उभ्या राहिल्या.

"एकेकीने या," उल्काताई धापा टाकत म्हणाल्या, "आणि चपला काढून."