अक्काकडं गेलेलं काम

पंचफुलाताईंना कपडा पुढून बघायची सवयच नव्हती. कुणाचं बारसं असो नाहीतर साखरपुडा, त्या आधी समोरच्याची कॉलर मागून उलटी करत, आतल्या पट्टीवर कुठल्या देशाचं नाव आहे ते बघत आणि मग विचारत, "कशी हायेस?" आमची ओळख अशीच झाली. भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या पुढच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका एक्स्पोर्टच्या कारखान्यात मी सॅम्पल विभागात नोकरीला लागले होते. पहिल्याच दिवशी डबा उघडत असताना मानेला मागून कुणाचा तरी गार हात लागला. दचकून वळले तर पन्नाशीची, ठेंगणी, सावळी बाई. गळ्यात दोरीने अडकवलेली छोटी कात्री. "काही नाही बाई, कुठला हाय ते बघत होते," त्या म्हणाल्या. "व्हिएतनामचा हाय. शिवण बरी हाय." आणि आपला डबा घेऊन माझ्यासमोर बसल्या.

त्या चेकर होत्या. शिवून आलेला पीस उलटा करायचा, शिवणी बघायच्या, लोंबणारे धागे कापायचे, चुकलेला बाजूला टाकायचा. लग्न होऊन परभणीकडच्या खेड्यातून त्या गोडदेवला आल्या, नवरा लवकर गेला, आणि याच टेबलापाशी उभं राहून त्यांनी मुलाला मोठं केलं. आता मुलगा परत परभणीला जाऊन मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवत होता आणि आईला बोलावत होता. त्या जात नव्हत्या. "तिथं जाऊन काय करू, माय? सुनेच्या सैपाकात चुका काढू?" असं म्हणून हसायच्या.

आमच्या इस्टेटमध्ये युनियन हा शब्द हळू आवाजात बोलायची पद्धत होती. पण बायकांचं काही गाऱ्हाणं असलं, पंखे बंद असोत की संडासाला पाणी नसो, शेठकडे पंचफुलाताईच जायच्या. मालक हसमुखभाई त्यांना पंचाबेन म्हणायचे. त्यांचं ऐकून घ्यायचे, कधी मान्य करायचे, बहुतेकदा हात जोडायचे.

असेच हात जोडून त्यांनी एक दिवस सगळ्यांना गोळा केलं आणि एक लाइन बंद होत असल्याचं सांगितलं. लहान मुलांच्या रात्रीच्या कपड्यांची मोठी ऑर्डर युरोपातल्या बायरने श्रीलंकेला दिली होती. लंकेतून गेलेल्या मालावर तिकडे ड्यूटी लागत नाही, आपल्या मालावर लागते. तेवढ्या फरकात माणूस मरतो, असं ते म्हणाले. खोटं नव्हतं ते. बायरच्या ईमेल मीच वाचत होते. लाइनवरच्या बायका मशीनवरची कव्हरं ओढून घरी गेल्या. जाताना कुणीतरी म्हणालं, लंकेला एकदा आग लावली होती, परत लावायला पाहिजे. पंचफुलाताई बौद्ध. एरवी असलं बोलणं त्यांनी खपवून घेतलं नसतं. त्या दिवशी त्याही गप्प राहिल्या.

नंतर काही महिन्यांनी मुंबईतल्या एका संस्थेने निरनिराळ्या देशांतल्या शिवणकामगार बायकांची बैठक कोलंबोजवळ भरवली आणि आमच्या इस्टेटमधून पंचफुलाताईंना न्यायचं ठरवलं. करोनाच्या आधीची गोष्ट. त्यांनी पासपोर्ट काढला. पासपोर्टच्या फोटोतही कात्रीची दोरी गळ्यात दिसत होती. कशाला चाललात एवढ्या लांब, असं मी विचारलं. "भांडायला," त्या म्हणाल्या. "आमचं काम कामून घेतलं, ते विचारते."

विचारलंही. तिथून आल्यावर तो प्रसंग त्यांनी मला इतक्यांदा सांगितला की मीच तिथे होते असं वाटतं. मोठी खोली, कानाला लावलेली यंत्रं, दुभाषे. पंचफुलाताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमची लाइन तुमच्यामुळे बंद पडली, तुम्ही आमच्यापेक्षा कमी पैशात शिवता का? समोरच्या बाकावरून एक चाळिशीची बाई उठली. तिचं नाव मल्लिका. ती म्हणाली, आमचा मॅनेजर तर रोज सांगतो की इंडियातल्या बायका तुमच्यापेक्षा कमी पैशात शिवतात, जास्त मागाल तर ऑर्डर तिकडे जाईल. दुभाष्याचं बोलणं संपायला थोडा वेळ लागला. मग दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या.

संध्याकाळी दुभाषे निघून गेल्यावर जेवणाच्या खोलीत मल्लिका त्यांच्या शेजारी येऊन बसली. भाषा नाही, खुणा तरी किती करणार. पंचफुलाताईंनी ताटापुढे हात जोडले आणि सवयीने म्हणायला लागल्या, "नमो तस्स भगवतो." शेजारून त्याच ओळीचा पुढचा भाग आला, वेगळ्या चालीत, लांबवलेल्या स्वरात. दोघींनी मिळून पंचशील पूर्ण म्हटलं. मल्लिका त्यांना अक्का म्हणायला लागली. तिच्या भाषेत थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. "आपल्यातबी म्हणतेतच की," पंचफुलाताई मला सांगायच्या, आणि दर वेळी त्यांना त्याचं नव्याने आश्चर्य वाटायचं.

तेव्हापासून फोनवर आवाजाचे निरोप सुरू झाले. आधी दोन ओळी वंदनेच्या, मग कारखान्यातलं इंग्रजी. ऑर्डर, टार्गेट, शिफ्ट, सुपरवायझर बॅड, लेग पेन. एवढ्या शब्दांत दोन बायका किती बोलू शकतात ते मी जेवणाच्या सुट्टीत ऐकत असे. लंकेत पेट्रोल आणि गॅस मिळेनासा झाला तेव्हा मल्लिका लाकडाच्या चुलीचा धूर फोनवर दाखवायची आणि पंचफुलाताई नुसत्या "गो स्लो, मल्लिका, गो स्लो" म्हणायच्या. दुसरा शब्द त्यांच्याजवळ नव्हता.

त्याच सुमाराला तिथल्या महागाईने पगाराची माती झाली आणि मल्लिकाच्या कारखान्यातल्या बायका मशीन बंद करून बसल्या. निरोपात मागे घोषणांचा आवाज होता. "वर्क नो, अक्का. वुई सिट. ऑर्डर कम इंडिया, नो टेक. प्लीज." आठवड्याभरात ती ऑर्डर आमच्याकडे आली. तातडीची, जादा वेळ बसून पुरी करायची. डिझाइन बघताच मी ओळखलं आणि पंचफुलाताईंना सांगितलं. आमचा बंद पडलेला तोच माल होता.

दुपारी जिन्यात बायकांना जमवून त्यांनी विनंती केली. काम सोडा असं त्या म्हणत नव्हत्या. फक्त या मालावर जादा वेळ बसू नका, एवढंच. बंद लाइनवरच्या बायकांनाही या ऑर्डरपुरतं परत बोलावलं होतं. त्यांतली शबाना सगळं ऐकून घेऊन शांतपणे म्हणाली, "ताई, वो लोग बैठे हैं क्योंकि उनके पास नौकरी है. मैं तो कब से घर पे बैठी ही थी." शबानाच्या घरात कोण आजारी आहे, मुलीची फी कशी थकली आहे, सगळं पंचफुलाताईंना ठाऊक होतं.

तरी पहिले दोन दिवस बायका वेळेवर निघून गेल्या. शबानासुद्धा गेली. तिसऱ्या संध्याकाळी शिफ्ट संपल्याची घंटा झाली, कुणीच उठलं नाही, आणि मशीन चालू राहिली. पंचफुलाताई टेबलापाशी उभ्या होत्या. त्याही गेल्या नाहीत. पीस येत गेले, त्या उलटे करून बघत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मल्लिकाला निरोप पाठवला, "अक्का सॉरी." तिचं उत्तर आलं, "नो सॉरी, अक्का. ऑल हंग्री." तिकडच्या बायकाही पुढच्या चार दिवसांत कामावर परतल्या.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, एवढ्या लांब बैठकीला जाऊन, एवढे ठराव करून झालं काय? "काहीच झालं नाही," त्या म्हणाल्या. "पण आधी लंका म्हणलं की मला नुसता राग यायचा. आता तिथं एक बाई दिसती. राग करायचीबी सोय राहिली नाही."

पुढे आपल्या सरकारचे युरोपातल्या देशांशी मुक्त व्यापाराचे करार झाल्याच्या बातम्या आल्या. हसमुखभाईंनी पेढे वाटले. आता आपल्या मालावरची ड्यूटी जाणार, लंकेला दिलेलं काम परत येणार, बंद लाइन सुरू होणार. बातमी ऐकून आलेल्या शबानाने पंचफुलाताईंना मिठी मारली. त्यांनी पेढा खाल्ला, वर पाणी प्यायल्या आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "मग तिचं काय होईल?" मी म्हटलं, लगेच काही नाही होणार. मला खरंच तसं वाटत होतं.

मल्लिकाच्या कारखान्याच्या ऑर्डरी हळूहळू तुटल्या आणि तो बंद झाला. तिचा निरोप पंचफुलाताईंनी मला दोनदा ऐकवला, आपल्याला नीट समजलं ना याची खात्री करायला. "फॅक्टरी क्लोज, अक्का. ऑर्डर गोइंग इंडिया. अक्का गेटिंग. सो गुड. आय नॉट क्राय." मी अर्थ सांगितला. काम गेलं, पण अक्काकडे गेलं, म्हणून ती रडत नाही. पंचफुलाताई म्हणाल्या, "शिवी दिली असती तर बरं झालं असतं, बाई."

त्यानंतर त्या ऑर्डरची वाट सगळ्यांत जास्त त्यांनीच पाहिली. मशीनना तेल घालून घेतलं, शबानाला तयार राहायला सांगितलं. ते काम आपल्या टेबलावर आलं तर निदान काहीतरी जागेवर राहील, असं त्यांना वाटत असावं. ऑर्डरी आल्याही, पण भाईंदरला नाही. बायरला आता एकाच छपराखाली हजारभर मशीन हवी होती. दुसऱ्या एका राज्यात जमीन आणि वीज सवलतीत मिळत होती. हसमुखभाईंनी तिथल्या मोठ्या कारखान्यात भागीदारी केली. आमच्या इस्टेटच्या जागेवर टॉवर उठणार होता. त्यांनी पुन्हा सगळ्यांना गोळा केलं, पुन्हा हात जोडले. या वेळी त्यांचेही डोळे भरले होते आणि ते ढोंग नव्हतं. मला अंधेरीच्या ऑफिसात घेतलं. बायकांना कुठेच घेतलं नाही.

मुलाकडे जायला पंचफुलाताईंनी गोडदेवची खोली सोडली. मी रिक्षा करून त्यांना काशिमिऱ्याला हायवेवर सोडायला गेले. दोन पिशव्या, एक पत्र्याची पेटी. बसला वेळ होता. मल्लिकाचा निरोप आलेला होता, तो त्यांनी मला लावायला सांगितला. ती एजंटमार्फत जॉर्डनला गेली होती, तिथल्या शिवणकारखान्यात. तिथून माल अमेरिकेला बिनड्यूटीचा जातो. खोलीत खूप जणी, बाहेर वाळू, घरी दोन वर्षांनी जाता येईल, असं तिच्या तुटक बोलण्यातून कळलं. शेवटी तिने विचारलं होतं, "अक्का वर्क गुड? माय ऑर्डर गुड?"

मी म्हटलं, तिला खरं काय ते एकदा सांगून टाका. इथलंही बंद झालं म्हणून सांगा.

"कामून सांगू?" पंचफुलाताई म्हणाल्या. "तिचं काम अक्काकडं हाय, एवढंच उरलंय तिच्यापाशी. तेबी काढून घेऊ?"

बस आली. पेटी डिकीत गेली. पायरीवर एक पाय ठेवून त्यांनी फोन तोंडाशी धरला, वंदनेच्या दोन ओळी म्हटल्या आणि मग मोठ्याने, स्पष्ट बोलल्या, "मल्लिका, अक्का गुड. युवर ऑर्डर गुड. ओव्हरटाइम डेली." मागे क्लीनर ओरडत होता, जालना, परभणी, नांदेड. त्यांनी निरोप पुन्हा लावून ऐकला. क्लीनरचा आवाज त्यात अगदी साफ आला होता.

"तिला कुठं परभणी कळतंय," त्या म्हणाल्या, आणि पाठवून दिला.