दावाकीच्या घळीतली आडकाठी

पहाटेपासून बुस्का कुत्री दाराला नाक लावून बसली होती. थंडी अशी, की शेगडीपाशी ठेवलेल्या बादलीतल्या पाण्यावरसुद्धा पापुद्रा धरलेला. ऊस्तिन्यानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं तो फोडला, चहा ठेवला, कालची जाड रोटी शेगडीच्या पत्र्यावर टाकली आणि रोजच्यासारखं भिंतीकडं पाहिलं. भिंतीवरच्या खुंट्यांना सेबलांची कातडी उलटी करून टांगलेली होती. सेबल म्हणजे मुंगसाच्या अंगलटीचं जनावर, पण केस असे दाट आणि मऊ, की फुंकर मारावी तर आत दुसरं रान दिसावं. इतर साली या दिवसांत ती भिंत दिसायची नाही. यंदा खुंट्या दिसत होत्या, भिंत दिसत होती, भिंतीच्या ओंडक्यांत कोंबलेलं शेवाळसुद्धा दिसत होतं.

वसंतात नदीवरचा बर्फ फुटायच्या आधी गावात बैठक बसते. मधोमध म्हातारा अफानासी, भोवती बाकीचे शिकारी. कुणाच्या वाट्याच्या शिकारीच्या रानातनं काय आलं ते सगळ्यांसमोर पसरलं जातं. ज्याचं रान देत नाही, किंवा ज्याला ते रान चालवत नाही, त्याच्याकडनं ते काढून दुसऱ्याला देतात. यात कुणाला राग यायचा नसतो. रान मोकळं ठेवणं हे भरलं ताट ओसरीवर टाकण्यासारखं. ऊस्तिन्याचा नवरा, येरेमेय, छातीच्या दुखण्यानं गेला तेव्हाच दोघातिघांनी खाकरून बघितलं होतं, बाईमाणूस, एकटी, एवढं रान कशी चालवणार. गेल्या साली कातडी कमी भरली तेव्हा अफानासी म्हणाला होता, बघू, आणखी एक हिवाळा जाऊ दे. तो आणखी एक हिवाळा आता अर्ध्यावर आला होता.

आणि रानाचं काळीज म्हणावी ती दावाकीची घळ तिला बंद होती.

त्या घळीत येरेमेयचे ओंडक्याचे सापळे होते. लोखंडी चाप कुणीही आणून मांडतो. ओंडक्याचा सापळा घडवावा लागतो. दोन खुंट, वर तोललेलं जड लाकूड, मधे आमिषाची काडी. घळीच्या तोंडापासून माथ्यापर्यंत त्यानं असे सापळे एका तरुण उन्हाळ्यात बांधले होते, आणि ऊस्तिन्या पोटुशी असताना त्याला खुंट धरून देत होती. मूल राहिलं नाही, सापळे राहिले. दर साली निम्मी कातडी त्या एका घळीतनं यायची.

यंदा पहिल्या बर्फावर ती तिथं गेली तर घळीच्या तोंडाशी आडकाठी. कोवळं लार्चचं झाड तोडून वाटेवर आडवं टाकलेलं, त्याच्यावर कुऱ्हाडीच्या दोन खाचा, एका खाचेत डहाळी खोचलेली, टोक घळीकडं. त्याचा अर्थ लेकरंही बोलायच्या आधी शिकतात: पुढं दोरीची बंदूक लावलीय, वाटेवर दोरी ताणलीय, पाय लागला की बार. लहानपणी ऊस्तिन्याच्या मामानं ताज्या बर्फाखाली गेलेली आडकाठी न बघता पाऊल टाकलं होतं. मामाला बर्फावर घसरणाऱ्या स्लेजवरून आणला तेव्हा तिच्या आईनं सगळ्या पोरांना रांगेत उभं करून ते पोट बघायला लावलं होतं.

मागोमाग दीर, केशा, चहाला आला. शेजारचं रान त्याचं. म्हणाला, वैनी, यंदा देवदाराला बी न्हाई, बोरं न्हाईत, एक अस्वल उपाशीपोटी झोपलंच न्हाई. वणवण करतंय. तुमच्या घळीत त्याचा माग दिसला, म्हणून मीच बंदूक लावलीय. तुमी तिकडं फिरकू नका. ते मिळालं की आडकाठी काढतो.

हिवाळाभराची झोप न झोपलेलं अस्वल म्हणजे मरण, दार फोडून आत येणारं. ऊस्तिन्याला भरून आलं. ती लग्न होऊन आली तेव्हा हा केशा नाक गळणारा, आई नसलेला पोरगा होता. त्याचे पहिले बूट तिनंच शिवले. आताही कृतज्ञता म्हणून हरणाच्या पायाच्या कातड्याचे नवे बूट तिनं शिवून पाठवले, टाचेला नमद्याची, कुटून जाड केलेल्या लोकरीची, आडवी पट्टी लावून, कारण केशाच्या टाचा लहानपणापासून गारठतात.

तेव्हापासून ती घळीला वळसा घालून, डोंगराच्या धारेवरच्या उजाड खडकांतनं फिरत होती. तिथं सेबल कमी, वारा जास्त. दर फेरीला घळीच्या तोंडाशी ती थांबायची, आडकाठी बघायची, वळायची. एकदा केशाला विचारलंही, अस्वलाचं काय झालं. तो म्हणाला, लबाड हाय, येतंय न् जातंय.

आज धार चढायच्या आधीच बुस्काला सेबलचा माग लागला. ताजा, जोडपावलांचा, सरळ घळीकडं. कुत्री सुटली. ऊस्तिन्या ओरडली, शीळ घातली, हातमोजा काढून दोन बोटं तोंडात घालून पुन्हा घातली. बुस्का आडकाठीवरनं उडी मारून झाडीत गेली.

ऊस्तिन्या स्कीच्या काठीवर रेलून उभी राहिली. बंदुकीचा आवाज आता येईल, मग येईल. डोळे मिटले तर मामा दिसला, म्हणून तिनं ते उघडेच ठेवले. बार झाला नाही. बराच वेळ काहीच नाही, आणि मग घळीच्या वरच्या अंगाला भुंकणं सुरू झालं, जनावर अडवल्याचं, खडकापाशी उभं राहून हाक मारल्यासारखं.

ती आडकाठी ओलांडून गेली नाही. बाजूच्या उतारावरनं चढली, वाटेच्या वर, झाडांना धरत, दोरी दिसते का ते बघत. दोरी दिसली नाही. वाट दिसली. स्कीच्या दोन पट्ट्या घट्ट बसलेल्या, वर चकाकी आलेली, म्हणजे हिवाळाभर कुणीतरी येतंय जातंय. ज्या वाटेवर बंदूक ताणलेली असते तिथं अशी रुळलेली वाट नसते.

मग पहिला सापळा. येरेमेयनं घडवलेला. कुजलेलं एक लाकूड काढून नवं घातलेलं, काडीवर माशाचं डोकं, अजून लवचिक. पुढचा तसाच. त्याच्या पुढचा तसाच. प्रत्येक सापळ्यापाशी माणूस स्कीवरनं उतरलेला आणि बर्फात त्याची पावलं. ती वाकली. टाचेच्या जागी एक आडवी रेघ उमटली होती. नमद्याच्या पट्टीची. हात लावून बघायची गरज नव्हती, तरी तिनं लावला.

माथ्याजवळ बुस्का दगडांच्या राशीशी भुंकत होती. सेबल आत खोल गेलं होतं. ऊस्तिन्यानं तिला गळ्याला धरून बाजूला घेतली आणि तिथंच बसली. तेवढ्यात खालनं स्कीची घसर ऐकू आली. केशा येत होता, खांद्याला पिशवी, मिशीवर बर्फ. तिला बघून तो थबकला, मग आपल्याच अंगणात पाहुणी आल्यासारखा हसला.

"वैनी. आज हिकडं कुठं?"

"कुत्री आली. तिला आडकाठी कळत न्हाई."

तो मोठ्यानं हसला. मग सांगू लागला: अस्वल खालच्या नदीकडं निघून गेलं, बंदूक त्यानं मागंच काढली, आडकाठी तेवढी काढायची राहिली, डोक्यातनंच गेलं, आणि मोकळी घळ वाया कशाला घालवायची म्हणून जाता जाता आमिषं लावली. त्याचं बोलणं नेहमीसारखंच गोड होतं, वाक्याला वाक्य जोडत जाणारं. ऊस्तिन्यानं ते पुरं होऊ दिलं.

"बंदूक कुठल्या झाडाला बांधलीवतीस?"

केशानं खाली एका लार्चकडं बोट केलं. ती उठली, झाडापाशी गेली, मोजा काढला आणि खोडावरनं गुडघ्यापासून छातीपर्यंत हात फिरवला. बंदूक बांधलेल्या झाडाची साल घासते, दोरीची खाच राहते. साल शाबूत होती, वरचं शेवाळसुद्धा.

"दुसरं दाखीव."

त्यानं दुसरं दाखवलं नाही. मिशीवरचा बर्फ दोन बोटांनी मोडून काढत राहिला.

"अस्वल तरी व्हतं का रं?"

"रान जायाचंच व्हतं, वैनी." आता तो हसत नव्हता. "यंदा न्हाई तर पुढल्या साली. तुमचं वय झालं. परक्याच्या हातात जाण्यापरीस घरात ऱ्हायलं तर काय वाईट? माझ्या पोराचं, व्लासचं, लगीन झालंय, त्याला रान न्हाई. त्यो येरेमेयचा पुतन्याच हाय की."

"मग मागायचं व्हतंस."

"दिलं असतं?"

ऊस्तिन्यानं खरंच विचार केला. "न्हाई," ती म्हणाली.

"मग?"

बुस्का केशाच्या पायांशी जाऊन बूट हुंगत होती. तिच्या ओळखीचा वास होता तो. ऊस्तिन्या म्हणाली, बैठकीत मी हे सांगेन, सगळ्यांसमोर सांगेन, अफानासीच्या तोंडावर सांगेन. केशानं मान हलवली, एखाद्याला उद्या वारा सुटणार हे सांगावं तशी.

"सांगा. पर खोटी आडकाठी घातली असं आपल्यात कुणी कधी ऐकलंय का? न्हाई ऐकलं. तुमी तरी मानलं असतं? म्हणतील, म्हातारीला चालवंना, आन् आता बोट दिराकडं."

काल कुणी तिच्याकडं असं काही घेऊन आलं असतं तर तिनंही त्याला चुलीपाशी बसवून चहा दिला असता आणि मनात म्हटलं असतं, बिचाऱ्याचं डोकं फिरलं. तिला फसवायला केशाला फार काही करावंच लागलं नव्हतं. एक कोवळा लार्च तोडला, बस.

आणि समजा, मानलं सगळ्यांनी. मग? मग पुढच्या शरदात पोरं आडकाठीपाशी थांबतील आणि एकमेकांना म्हणतील, खरी असंल का केशाची? एक जण हसत पुढं पाय टाकेल. कधीतरी खरी दोरी असेल. मामाचं पोट तिला पुन्हा दिसलं. ती तोंड उघडेल तर रान राहील आणि आडकाठीची पत जाईल. हे तिला कळत होतं. त्याहून वाईट म्हणजे हे केशालाही कळत होतं, लार्चवर घाव घालायच्या आधीपासून. तिच्याच मांडीवर बसून तो हे शिकला होता.

ती खाली निघाली. केशा मागनं आला, मधूनच काहीबाही बोलत: व्लासची बायको तुमाला रोज ताजी रोटी आणून देईल, गावात ऊब असती, एकट्यानं हितं मरून पडलात तर कुणाला कळायचं. सापळ्यांच्या ओळीत मधल्या एका सापळ्यात सेबल पडलं होतं, वर चढताना तिनं पाहिलं नव्हतं, आणि केशा भुंकण्याच्या रोखानं सरळ वर आला होता. वरच्या फांदीवर कावळा बसून वाट बघत होता.

दुसऱ्याच्या सापळ्यात जनावर सापडलं आणि मालक जवळ नसला तर ते काढून उंच फांदीला टांगून ठेवायचं, कावळ्याला आणि खादाड जनावराला पोचणार नाही असं. कुणाचं आहे हे ठाऊक नसलं तरी टांगायचं. अनोळखी माणसाचंही टांगायचं. मालक जवळ असला तर अर्थातच हातात द्यायचं.

ऊस्तिन्यानं ओंडका उचलला, गोठलेलं सेबल काढलं. केशानं हात पुढं केला. तिनं खिशातनं सुतळी काढली, जनावराच्या मागच्या पायांना गाठ मारली, टाचा उंचावून फांदी वाकवली आणि ते बांधलं. फांदी सोडली तशी ती वर गेली.

"वैनी, म्या हितंच हाय की," केशा म्हणाला. तिच्यापासून हातभर अंतरावर. "द्या की हिकडं."

ती मोजे घालत होती.

"वैनी!"

घळीच्या तोंडाशी आल्यावर मात्र ती थांबली. आडकाठीच्या अलीकडं, उतारावर चढायच्या जागी.

"ही तू घातलीस, तूच उचल," ती म्हणाली. "ज्यानं घातली त्यानंच काढायची. मी उद्या येईन. नसली तर आत जाईन, सापळे माझ्या नवऱ्याचे हायेत. असली तर पाळीन."

"खोटी हाय ठाऊक असून?"

"बर्फावर माझा माग उमटतो, केशा. मागनं येणारा त्योच माग धरतो."

मग ती उतारावरनं वळसा घालून पलीकडं गेली. केशाचं खोपटं जवळ होतं, अंधार पडायला आला होता, आणि अशा वेळी जवळचं खोपटं कुणाचंही असलं तरी आपलंच असतं. तरी ती तिकडं गेली नाही. घरी पोचली तेव्हा पापण्या एकमेकींना चिकटल्या होत्या. तिनं बुस्काला आधी खायला घातलं.

रात्रीतनं बर्फ पडला, हलका, वारा नसलेला. सकाळी दावाकीच्या तोंडाशी सगळं त्यानं झाकलं होतं: झाडं, दगड, कालच्या वाटा. आडकाठी तिथंच होती. तिच्यावर मात्र बर्फ नव्हता. दोन्ही खाचा स्वच्छ दिसत होत्या आणि डहाळी नवी, हिरवी खोचलेली होती. म्हणजे केशा उजाडताना आला होता. त्यानं ती उचलली होती, आणि मग पुन्हा ठेवली होती.

ऊस्तिन्या उभी राहिली. त्यानं उचलली तेव्हा किती वेळ हातात धरली असेल, एवढंच तिच्या मनात आलं. रान गेलं होतं. वसंतात अफानासी विचारील तेव्हा ती म्हणेल, यंदा सापडलं न्हाई, आणि ते खोटंही नसेल.

बुस्का घळीकडं तोंड करून थरथरत होती. आतनं वास येत असणार. ऊस्तिन्यानं कमरेची दोरी सोडली, कुत्रीच्या गळ्याला बांधली. आजवर तिनं तिला कधी बांधलं नव्हतं. कुत्रीनं मान वळवून तिच्याकडं बघितलं, एकदा ओढ घेऊन पाहिली. मग दोघी धारेच्या बाजूला वळल्या.