गाडीतला, घरातला की हातातला

सासूबाई गेल्यावर सासरे आमच्याकडे सिंगापूरला आले, ते "दिवाळीपर्यंत बघतो" असं म्हणून. दिवाळीनंतर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मला मात्र मनापासून वाटत होतं, बाबांनी इथेच राहावं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये ते एकटेच चहा करणार आणि एकटेच पिणार, हे डोळ्यांपुढे आलं की मला काही सुचत नसे. शिवाय माझा स्वार्थही होता. ते आल्यापासून घरात कुणीतरी माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेत होतं.

बाबा म्हणजे रेडिओवेडा माणूस. पुण्यात त्यांच्याकडे उपग्रहावरून ऐकायचा रेडिओ होता. खिडकीतला छोटा अँटेना आकाशाच्या नेमक्या तुकड्याकडे वळवण्यात त्यांचे रविवार जात. पुढे ती सेवा बंद पडली, तरी ते तो डबा पुसून ठेवत, आणि इथे येताना कपड्यांत गुंडाळून घेऊनही आले. चोआ चू कांगच्या आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, कपडे वाळत घालायच्या बांबूंच्या मधोमध, त्यांनी तो अँटेना लावून पाहिला.

"बाबा, ती कंपनी बंद झालीय ना?" मी म्हटलं.

"ठाऊक आहे गं. पण उपग्रह तुमच्याच डोक्यावर होता. म्हटलं, जवळून विचारून बघावं."

डबा ढिम्म हलला नाही. मग नवऱ्याने ठरवलं, बाबांना नवीन रेडिओ घ्यायचा, वायफायवर चालणारा, त्यावर पुण्याचं केंद्रसुद्धा लागतं. माझा नवरा चांगी बिझनेस पार्कमध्ये सॉफ्टवेअर मॅनेजर. त्याला साधी इस्त्री घ्यायची तरी आठवडाभर इंटरनेटवर रिव्ह्यू वाचायला लागतात. रेडिओचा अभ्यास तर गणपती येऊन गेले तरी चालूच होता.

शेवटी एका शनिवारी आम्ही दोघं, आमची लेक आणि बाबा असे चौघं दुकानात गेलो. दुकानदार वयस्कर चिनी गृहस्थ होते. त्यांनी बाबांनाच विचारलं, "अंकल, फॉर कार, फॉर होम, ऑर पोर्टेबल?"

बाबांनी आमच्याकडे पाहिलं. तुम्ही सांगा, असं ते पाहणं होतं.

आमच्याकडे गाडी नाही. इथे गाडी घेणं आमच्यासारख्यांच्या आवाक्यातलं नाही. तरीही नवऱ्याने गाडीतला रेडिओ बराच वेळ हातात धरून त्याचं माहितीपत्रक वाचलं. घरात ठेवायचा सेट लाकडी, भारदस्त होता, आवाज तर असा की माणूस शेजारी बसून बोलतोय. बाबांचा हात त्याच्यावर दोनदा फिरला. पण नवऱ्याचं ठरलं होतं. "हा पोर्टेबलच बरा. हलका आहे, बॅटरीवर चालतो. बाबांना परत जाताना बॅगेतसुद्धा नेता येईल."

"आजोबा, धिस वन कॅन कॅरी एव्हरीवेअर लाह," लेकीने तिच्या सिंगापुरी इंग्रजीत शिक्कामोर्तब केलं.

बाबा म्हणाले, "हो, सोयीचा आहे." आणि आम्ही तो घेऊन आलो. फूड कोर्टात डोसे खाल्ले, सगळे खुशीत होतो, निदान मला तसं वाटलं.

रेडिओ उत्तम चालायचा. पुण्याची सकाळ आमच्याकडे अडीच तास उशिरा उगवते, त्यामुळे तिकडची भक्तिगीतं लागेपर्यंत आम्ही तिघंही बाहेर पडलेले असायचो. संध्याकाळी बाबा मला दिवसभराचं सगळं सांगायचे, पुण्यात पाऊस कसा आहे इथपर्यंत. मी निश्चिंत होते. आणि दिवाळी तोंडावर आली असताना, मी चपात्या लाटत होते तेव्हा ते म्हणाले, "भाऊबीज झाली की माझं तिकीट बघशील का?"

माझं लाटणं थांबलं. "का बाबा? काही चुकलं का आमचं?"

"छे छे. उगाच काहीतरी मनात आणू नकोस. मी परत जावं असं तुमच्या मनात होतंच ना? तो दुकानात बोलला तेव्हाच लक्षात आलं माझ्या. नेता येईल असाच घेतला त्याने. समजूतदार आहे तो, तोंडावर कसं सांगेल."

माझं डोकंच फिरलं. नवरा घरात आल्याआल्या त्याला बेडरूममध्ये ओढलं आणि म्हटलं, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा. बाबांना वाटतंय, तू त्यांना जायला सांगितलंस."

त्याचा चेहरा पडला. "अगं, मी सुट्टीत पुण्याला जाण्याबद्दल बोलत होतो."

"मग 'राहा' म्हण ना त्यांना."

"बाबांना 'राहा' म्हणायचं? ते काय पाहुणे आहेत?"

आपल्याकडे हा एक भलताच घोळ आहे. दारातून निघालेल्या पाहुण्याला आपण चारदा राहा म्हणतो, घरच्या माणसाला एकदाही म्हणत नाही. मग घरचं माणूस मनातल्या मनात सामान बांधत बसतं. माझा नवरा बाबांवर जीव टाकतो, हे मी शपथेवर सांगेन. पण ते शब्द त्याच्या तोंडून निघाले नसते, आणि वाट बघायला मला वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी तांजोंग पगारच्या ऑफिसमधून लवकर निघाले आणि त्या दुकानात जाऊन तो लाकडी सेट विकत घेतला. खोकं असं जड की जुरोंग ईस्टला मेट्रो बदलताना माझे दंड भरून आले. एमआरटीत एका मुलीने उठून मला जागा दिली, ती मी खोक्याला दिली आणि स्वतः उभी राहिले.

घरी येऊन खोकं बाबांसमोर ठेवलं. त्यांनी ते उघडलं, सेट दोन्ही हातांनी उचलायला गेले आणि परत खाली ठेवला. "अगं, केवढा जड हा. मी कसा नेणार?"

"नेता येऊ नये म्हणूनच आणलाय," मी म्हटलं. "बाबा, जाऊ नका. आम्हाला तुम्ही इथे हवे आहात. मला हवे आहात."

नवरा नुकताच आला होता. तो दारातच थांबला, एक बूट पायात, एक हातात. म्हणाला, "हो बाबा."

बाबा बराच वेळ त्या लाकडावरून हात फिरवत राहिले. मग चष्मा काढून पुसला आणि मला विचारलं, "कुठे ठेवू या म्हणतेस?"