उजवा कौल

माझ्या थोरल्या साडूंनी जन्मात एकही निर्णय स्वतः घेतला नाही, आणि तरीही त्यांच्याइतका ठाम माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. माझी बायको त्यांना दाजी म्हणे, म्हणून मीही दाजीच म्हणायचो. कराडपासून एसटीने तासाभरावर, कृष्णाकाठी त्यांचं गाव. तिथल्या भैरोबाला विचारल्याशिवाय ते काहीही करत नसत. गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर झेंडूची एकेक ओली पाकळी चिकटवायची, दाजींनी हात जोडून प्रश्न सांगायचा आणि खांबाला टेकून बसून राहायचं. उजव्या खांद्यावरची पाकळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नको. ऊस आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा, लावायचा की नाही, हे भैरोबाने सांगायचं. गोठ्याची कौलं यंदा शाकारायची की पुढच्या वर्षी, हेही त्यानेच. एकदा मनगटी घड्याळ घ्यायचं त्यांच्या मनात आलं, तर डावी पाकळी पडली. मग ते जन्मभर दुसऱ्यांना वेळ विचारत राहिले, आणि सांगितली की वर ‘बरोबर हाय’ म्हणत, जणू आमचीच परीक्षा घेतली. एक हलती दाढ उपटून घ्यावी का, या प्रश्नाला दोन्ही पाकळ्या तीन दिवस जागच्या हलल्या नाहीत. दाजी गाल धरून देवळात बसून राहिले. चौथ्या दिवशी भाकरी चावताना दाढच निघून आली, तेव्हा देवाने परस्पर काम केल्याचं ते कौतुकाने सांगत होते. लग्नाचाही कौल त्यांनी घेतलाच होता. माझी थोरली मेहुणी, म्हणजे आमची अक्का, रागावली की म्हणायची, त्या दिवशी देवळात वारं शिरलं असणार.

एकदा कौल मिळाला, की दाजी पुन्हा त्याचा विचार करत नसत. मी सांगलीच्या एका कचेरीतला कारकून. एकेका अर्जावर काय शेरा लिहावा याचा दोन-दोन दिवस घोळ घालणारा, आणि लिहिल्यावर चुकलं तर नाही ना म्हणून विश्रामबागेच्या घरी कूस बदलत पडणारा. अंथरुणाला पाठ टेकताच घोरू लागणाऱ्या दाजींचा मला मनापासून हेवा वाटे. जे मी पुढे केलं त्यात हा हेवाही थोडा होता का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे.

मोठा दुष्काळ सरल्यानंतरच्या पावसाळ्यात नदीकाठाने पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. दाजींच्या शेजारच्या गावात माणसं दगावल्याची बातमी सांगलीला पोचली, तेव्हा बायकोने माझी पिशवी भरली आणि अक्काला टोचून घ्यायला लावल्याशिवाय परत येऊ नका, असं बजावलं. अक्का त्या वर्षी आजारातून नुकती उठली होती, अंगात काही राहिलं नव्हतं. पटकी झाली असती तर ती एक दिवससुद्धा निभली नसती.

मी पोचलो तेव्हा आरोग्य केंद्राची जीप चावडीपुढे उभी होती. टोचणारे दुसऱ्या दिवशी दुपारी पुढच्या गावाला जाणार होते. अक्का चुलीपुढे बसूनच मला म्हणाली, “घरधन्याच्या आधी मी दंड पुढं करायची न्हाई. त्यांचं झालं की माजं.” आणि घरधनी देवळात बसले होते. कौल लावून दीड दिवस झाला होता. हवाच इतकी दमट, की पाकळ्या सुकेनात आणि सुकल्याशिवाय पडेनात. मी साथीचं गांभीर्य समजावून सांगितलं. दाजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पाव्हणं, तुमचं खरं हाय. पर इचारलंय तर उत्तराला थांबाया नको व्हय?”

दुसऱ्या दिवशी गुरव जेवायला गेला आणि दाजी हातपाय धुवायला ओढ्यावर गेले, तेवढ्यात मी गाभाऱ्यात शिरलो. मी उजवीकडची पाकळी नखाने हळूच सोडवली आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो.

दाजी आले, त्यांनी आत डोकावलं आणि एवढंच म्हणाले, “डावा दिला.”

मी देवाकडे पाहत राहिलो, आणि मग डोक्यात प्रकाश पडला. मी देवासमोर उभा होतो. माझी उजवी बाजू म्हणजे देवाचा डावा खांदा. चावडीपुढे जीपमध्ये पेट्या चढवायला सुरुवात झाली होती आणि दाजी घराकडे निघाले होते. आता गप्प राहिलो तर अक्काचं काही खरं नव्हतं.

“दाजी, ती पाकळी मी पाडली.”

ते वळले. “कंची?”

“डावी. पण पाडायची होती उजवी.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “आंघूळ तरी केली हुती का?”

“केली होती.”

“पर उजवा कशापायी पायजे हुता तुमाला?”

“अक्कासाठी. तुम्ही टोचून घेतल्याशिवाय ती घेणार नाही म्हणाली.”

“मला कदी बोलली न्हाई.”

“तुम्ही तिला विचारलं नव्हतंत,” मी म्हणालो. बोलल्यावर माझी मलाच लाज वाटली.

दाजींनी देवळाकडे वळून हात जोडले. मग म्हणाले, “तिला बोलवा. जीप मी थांबवतो.” कंपाउंडरने डावा दंड मागितला, तर यांनी उजवाच पुढे केला. पुढचे दोन दिवस ताप, आणि दंड असा सुजला की अक्काने त्यांना घास भरवले. तिचाही हात दुखत होताच, पण तिने डावा दिला होता.

पटकी गावात आलीच. खालच्या आळीत दोन घरांत रडारड झाली. अक्का मात्र वाचली, अजून आहे. लशीने वाचली की आणखी कशाने, ते मला ठरवता येत नाही.

पण दाजींनी त्यानंतर कौल लावला नाही. मला त्यांनी कधी बोल लावला नाही, गुरवाकडे चहाडी केली नाही, फक्त पाकळ्या चिकटवायला सांगणं बंद केलं. आता ते अक्काला विचारत. अक्का म्हणे, बघा तुमचं तुमी. मग ते मला कार्ड टाकत, म्हैस विकू का, विहिरीला मोटार बसवू का. मीही उलट टपाली काहीतरी ठोकून देत असे. ऊस लावून झाल्यावरही बांधावर उभं राहून, चुकलं का काय, असं पुटपुटताना मी त्यांना पाहिलं. माझा रोग मी त्यांना दिला होता.

एकदा न राहवून देवळातच त्यांना म्हणालो, “दाजी, माझ्यामुळं तुमचं देवाला विचारणं सुटलं.”

ते तेव्हा बरेच थकले होते. खांबाला टेकून म्हणाले, “आवं, इचारत हुतो तवा माजं सगळं ध्यान त्या पाकळीवर. देवाचं तोंड कवा नीट बघितलंच न्हाई. आता नुसता बघत बसतो.”

ते खरंच सांगत होते, की मला बरं वाटावं म्हणून, हे मी त्यांना विचारलं नाही. आम्ही दोघेही समोर पाहत बसून राहिलो.