सात पायऱ्या

नाटकमंडळीत सगळे तिला माई म्हणत. बाविसाव्या वर्षी केस पांढरे रंगवून ती पहिल्यांदा सासू झाली, आणि मग तरुण बाईचं काम तिला कधी मिळालंच नाही. सिनेमांतही तेच. शेजारीण, नर्स, नायकाची आजारी आई. "आजवर एकेचाळीस वेळा मेले," ती सांगायची, "आणि दर वेळी घरी येऊन भांडी घासली."

नाव झालं ते मात्र पडण्यामुळे. एका नाटकात दुसऱ्या अंकाच्या शेवटी मुलगा घर सोडून निघतो, त्याच्यामागे धावताना आई सात पायऱ्यांवरून कोसळते. नऊ वर्षं माई पडत होती, आणि दर प्रयोगाला टाळी घेत होती.

मग डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "हाडं खडूसारखी झालीत. पुन्हा पडलात तर खुबा गेलाच समजा."

हे फक्त लेकीला ठाऊक होतं. "आई, आज तरी दिग्दर्शकांना सांग."

"सांगितलं की काम गेलं. साठीनंतर कोण बोलावतं गं?"

"आणि अंथरुणाला खिळलीस म्हणजे? तेव्हा मलाच हाका मारशील ना!"

त्या संध्याकाळी वरच्या पायरीवर येताच माई थबकली. कठड्यावरचा हात सुटेना. खाली मुलाचं काम करणारा नट दाराशी पोचून खोळंबला होता. विंगेतून लेक बघत होती. माई मटकन बसली, आणि लहान पोरासारखी बसल्या बसल्या एकेक पायरी उतरली. नट गांगरला, पण आपलं वाक्य बोलून गेला. पडदा पडला. टाळी आली नाही.

दिग्दर्शक धावत आले. माईने सगळं सांगून टाकलं.

"आधी बोलायचं नाही का, माई? काही झालं असतं तर?" त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "पुढच्या प्रयोगापासून आईचं काम धाकटी करेल. तिला पडायला तुम्हीच शिकवा."

लेकीचा जीव भांड्यात पडला. माईचा नाही. धाकटी म्हणजे नाटकात सुनेचं काम करणारी पोरगी, जेमतेम चोवीस वर्षांची.

सकाळी रिकाम्या थिएटरात माई तिला सांगत होती, "हनुवटी छातीशी. आधी मांडी टेकव, मग खांदा. हात पुढे टाकायचा नाही, मनगट जातं."

"कळलं, माई."

"काय कळलं? म्हणून दाखव बघू."

"अहो, माझी आईसुद्धा इतकी घाबरत नाही!" धाकटी हसत वर पळाली.

माई खाली हात पसरून उभी राहिली. वरून पोरगी धावत निघाली, आणि तिचा हात पुढे आला.

"हात!" माई किंचाळली.

धाकटी धडधडत खाली आली, उठली, केस मागे सारले. "जमलं?"

माईने आधी तिची दोन्ही मनगटं दाबून, वळवून पाहिली.

"पुन्हा," ती म्हणाली, आणि हात पसरून पायऱ्यांखाली उभी राहिली.