डिंपलचं बोट, हरिदासभाऊचे कान

नीलाबाईच्या अंगणवाडीत पाट्यांपेक्षा डबेच जास्त. एकात धान, एकात तुरी, एकात शिंगाड्याची वाळकी टरफलं. पोरांनी डोळे मिटायचे, बाई कुठल्यातरी कोपऱ्यातून डबा हलवणार, आणि पोरांनी तोंडातून शब्द न काढता आवाजाकडे बोट दाखवायचं. बाईचं म्हणणं, आधी कान तयार होऊ द्या, बोलणं-वाचणं मागून येतं.

आमच्या ढिवरपुऱ्यात, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या वस्तीत, याची चेष्टा कोणी केली नाही? सगळ्यात मोठा गळा हरिदासभाऊचा. "माही नात काय वाजंत्र्यात बसवाची हाय?" असं त्याने पारावर विचारलं आणि जाहीर केलं, की सोमवारपासून डिंपल अंगणवाडी सोडून कॉन्व्हेंटच्या गाडीत बसणार. हरिदास जिकडे, तिकडे सारा पुरा. म्हणजे नीलाबाईची अंगणवाडी ओस. बाईचे डबे मात्र जरा जोरात वाजू लागले.

आता आतली गोष्ट. हरिदासभाऊ एकेकाळी मरळीचा राजा. मरळ मासोळी श्वास घ्यायला वर येते, कमळाच्या पानांआड 'गुबुक' करते आणि बुडते. त्या आवाजावर जाळं फेकायचं. अलीकडे भाऊचं जाळं रिकामंच येई आणि तो तलावाला शिव्या देई. त्याची बायको गिरजाबाई त्याला जेवायला हाका मारून थकते, हे मला ठाऊक. आमची भिंत एकच. भाऊचे कान गेले होते, पण सांगणार कोण?

रविवारी सकाळी तो डोंग्यात, आपल्या लहानशा होडीत उभा, पुढ्यात डिंपल. तलावाच्या पाळीवर आम्ही सगळे, नीलाबाईही. मरळ धरताना बोलायचं नसतं. भाऊ भलतीकडेच जाळं फेकत होता, तरणी पोरं गालात हसत होती. मग डिंपलने डोळे मिटले. तोंड बंद, बोट डावीकडे. भाऊने तिच्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि जणू आपल्यालाच सुचलं अशा थाटात जाळं डावीकडे भिरकावलं.

हाताएवढी मरळ! मग दुसरी, तिसरी. दर वेळी आधी बोट, मग जाळं. नीलाबाईने ओठ दाबून धरले होते, पण डोळ्यांचं काय करणार?

सोमवारी गाडी आली. भोंगा वाजवून वाजवून ड्रायव्हर वैतागला. हरिदासभाऊ दारातच जाळं विणत बसलेला. शेवटी गिरजाबाईने त्याच्या कानाशी जाऊन विचारलं, भोंगा वाजून रायला, पोरीले काऊन नाई धाडत?

"भोंगा? मले तं काई आयकूच आला नाई," भाऊ म्हणाला. बहिरेपण कबूल केलं, तेही ऐटीत.

तोवर डिंपल अंगणवाडीत पोचली होती. हातात आज्याने दिलेला नवा डबा, आत जाळ्याला वजन म्हणून ओवायचे मातीचे मणी. मागोमाग पुऱ्यातली सगळी पोरं.